हुई लोक आणि गान्सू-छिंगहायच्या सरहद्दीवरची ती २५ वर्षं (१९१२ ते १९३७): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चीनमधली बादशाही १९१२ ला गेली आणि नंतरची बरीच वर्षं जिथे ज्याच्याकडे फौज तिथे त्याचं राज्य असा कारभार चालला. त्या काळात वायव्य टोकाला हुई, तिबेटी, हान, सालार, मंगोल असे सगळे शेजारी शेजारी राहत होते आणि एकमेकांचे गळेही कापत होते. या विषयावर मी बोलायला लागलो की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. थोडं लांब झालंय पण अर्धवट सांगितलं की गैरसमज वाढतात असा अनुभव आहे.

हुई म्हणजे कोण? उईगुरच ना ते?

नाही, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. उईगुर तुर्की भाषा बोलतात, शिनजियांगमधले. हुई हे चिनी बोलणारे मुसलमान, आणि ते चीनभर पसरलेले आहेत. थांग-सोंग राजघराण्यांच्या काळात ग्वांगझोउ आणि छ्वानझोउ या बंदरांत आलेले अरब-इराणी व्यापारी, मग तेराव्या शतकात मंगोलांनी मध्य आशियातून आणलेले कारागीर, शिपाई, कारकून, त्यांनी इथल्या बायकांशी लग्नं केली, पिढ्या गेल्या आणि घरात चिनीच बोलली जाऊ लागली. दिसायला शेजारच्या हान माणसासारखाच, पण डुक्कर खाणार नाही, मशिदीला जाणार, लग्न शक्यतो आपल्यातच. २०२० च्या जनगणनेत त्यांची संख्या १ कोटी १० लाखांच्या वर आहे.

एक लक्षात ठेवा, त्या काळी 'हुई' हा शब्द आजच्यासारखा सरकारी खान्यात बसवलेला नव्हता. सालार, दोंगश्यांग, बाओआन हे आज वेगळे समाज धरले जातात, तेव्हा लोक त्या सगळ्यांना सरसकट 'हुई' म्हणून मोकळे व्हायचे. त्यामुळे जुन्या वर्णनात 'हुई सैनिक' दिसलं की तो सालारही असू शकतो.

ही सरहद्द नेमकी कुठे?

नकाशात गान्सूची राजधानी लांझोउ बघा, तिथून नैर्ऋत्येला हेझोउ (आजचं लिनश्या). हे हुई लोकांचं हृदय, लोक त्याला चीनची छोटी मक्का म्हणायचे. हेझोउहून नदीच्या काठाने वर वर चढत गेलं की साधारण १०० किलोमीटरवर पिवळ्या मातीची शेतं संपतात, गवताळ पठार लागतं आणि समोर येतो लाब्रांग, १७०९ साली स्थापन झालेला तिबेटी बौद्धांचा प्रचंड मठ. दक्षिणेला ताओझोउ आणि चोने, वायव्येला शीनिंग (आजच्या छिंगहायची राजधानी) आणि त्याच्याजवळ कुंबुम मठ, मध्ये पीत नदीच्या काठाने सालार लोकांची गावं. म्हणजे घाटमाथा आणि कोकण जसं एकमेकांना लागून तरी दोन जगं, तसं समजा, फक्त इथे भाषा धर्म खाणं सगळंच बदलतं.

मग भांडण कशाचं होतं? धर्माचंच ना?

धर्म होता, पण आधी लोकर बघा. तिबेटी पठारावर मेंढ्या आणि याक, तिथल्या लोकांना हवं धान्य, चहा, कापड. दोघांच्या मधला माणूस बहुतेक वेळा हुई, कारण त्याला दोन्ही भाषा यायच्या, खेचरांचे तांडे त्याच्याकडे होते, आणि मठाच्या बाजारात त्याची ओळख होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी थ्यानजिन बंदरातल्या परदेशी कंपन्यांनी लोकर घ्यायला सुरुवात केली आणि या धंद्यात बख्खळ पैसा आला. लोकर चामड्याच्या फुगवलेल्या तराफ्यांवरून पीत नदीतून बाओतोउपर्यंत जायची, पुढे थ्यानजिन, तिथून जहाजाने अमेरिकेत गालिच्यांच्या कारखान्यांत.

आता विचार करा, लाब्रांगच्या बाजारावर ज्याचा टॅक्स त्याच्या हातात केवढी तिजोरी. लष्करी सरदाराला फौज पोसायची तर पगार लागतो, बंदुका लागतात. म्हणून मठ हवा, कुरणं हवीत, नाके हवेत. हे समजलं की पुढची अर्धी भांडणं आपोआप समजतात.

सगळ्यांचं आडनाव 'मा' कसं? आणि हे 'मा' सरदार आले कुठून?

'मा' म्हणजे घोडा, पण मुसलमानांत हे आडनाव मुहम्मदच्या पहिल्या अक्षरावरून रुळलं असं सर्वसाधारणपणे मानतात. सगळे मा एकमेकांचे नातेवाईक नव्हते.

सरदार कुठून आले यासाठी १८७२ मध्ये जावं लागेल. १८६२ पासून शान्शी-गान्सूमध्ये हुई लोकांचा मोठा उठाव चालू होता, दोन्हीकडच्या कत्तलींत गावंच्या गावं ओस पडलेली, आणि बादशहाचा सेनापती झुओ झोंगतांग एकेक ठाणं घेत पुढे येत होता. त्याने जिनजीबाओचा पुढारी मा ह्वालोंग शरण आल्यावरही त्याला १८७१ मध्ये ठार केलं. मग पाळी हेझोउची. तिथला पुढारी मा झान-आओ याने ताइझीच्या देवळाजवळ झुओच्या फौजेला चक्क हरवलं, आणि जिंकल्यावर लगेच शरणागती पत्करली! हरल्यावर शरण गेलो तर मान कापतील, जिंकून गेलो तर सौदा होईल, हा त्याचा हिशोब. पोराला झुओच्या छावणीत पाठवलं, झुओने त्याचं नाव ठेवलं आनल्यांग, म्हणजे शांत आणि सज्जन. पुढे हाच मा आनल्यांग गान्सूचा सगळ्यात ताकदवान हुई सेनापती झाला.

त्या सौद्याने हेझोउ वाचलं, पण किंमत अशी की मा झान-आओची माणसं आता बादशहासाठी इतर हुईंशी लढायला लागली. १८९५ ला सालार आणि हुई परत उठले तेव्हा त्यांना चिरडणाऱ्यांत मा आनल्यांग पुढे होता. मा झान-आओच्या हाताखालच्या दोन सरदारांची घराणी नंतर प्रांतांची मालक झाली. एक मा हाययानचं, त्याचा मुलगा मा छी आणि नातू मा बुफांग, त्यांच्याकडे छिंगहाय. दुसरं मा फूश्यांगच्या वडिलांचं, त्यांच्याकडे निंगश्या. मा फूश्यांगचा भाऊ मा फूलू १९०० साली बीजिंगमध्ये परदेशी फौजांशी लढताना मेला. म्हणजे 'मुसलमान बंडखोर' हा शिक्का या घराण्यांना लावणं किती चूक आहे बघा, हे तर राजनिष्ठेवर मोठे झालेले लोक.

लाब्रांगला नक्की काय झालं?

मला या सगळ्या काळातलं सर्वात जास्त छळणारं प्रकरण हेच आहे.

मठाच्या प्रमुखाला जाम्यांग झेपा म्हणतात. चौथे जाम्यांग गेल्यावर मठात कारभाऱ्यांचे गट पडले, आणि या आतल्या भांडणाचा फायदा घेऊन शीनिंगच्या मा छीने १९१८ मध्ये फौज घुसवली. आधी मध्यस्थ म्हणून, मग मालक म्हणून. ठाणं बसलं, टॅक्स सुरू झाला. पाचवे जाम्यांग १९१६ साली लिथांगकडे जन्मलेलं पोर, १९२० मध्ये त्यांना लाब्रांगला आणलं, सोबत वडील आणि थोरला भाऊ. हा भाऊ अपा आलो, चिनी नाव ह्वांग झेंगछिंग, पुढे या तिबेटी बाजूचा खरा राजकारणी निघाला.

कुटुंबाचं आणि मा छीचं फाटलं, ते लाब्रांग सोडून बाहेर पडले, आणि १९२५ च्या सुमारास आसपासच्या टोळ्या घोड्यांवर जमून मा छीच्या सैन्यावर चालून गेल्या. तिबेटी घोडेस्वार शूर होते यात शंका नाही, पण समोर शिस्तीची फौज आणि मशीनगन. जोसेफ रॉक नावाचा वनस्पती गोळा करणारा माणूस तेव्हा त्या भागात फिरत होता, त्याने लिहून ठेवलंय की मुसलमान ठाण्याच्या भिंतीवर तिबेटी माणसांची मुंडकी माळेसारखी टांगलेली होती, आणि तिबेट्यांच्या हाती सापडलेल्या सैनिकांचे हाल काय व्हायचे तेही त्याच्याच लिखाणात आहे. वाचून झोप लागत नाही.

शेवट मात्र रणांगणावर नाही झाला. अपा आलो लांझोउला गेला, तिथे फेंग यूश्यांग या हान लष्करी सरदाराची फौज नवीनच आलेली, त्यांना मा छीला वेसण घालायचीच होती. फेंगच्या सैन्यात श्युआन श्याफू नावाचा एक कम्युनिस्ट कार्यकर्ता होता, त्याने अपा आलोला अर्ज कसे करायचे, संघटना कशी बांधायची, पेपरात बातमी कशी पोचवायची हे सगळं शिकवलं. १९२७ मध्ये करार झाला, मा छीची माणसं निघाली, लाब्रांगचा प्रदेश शीनिंगच्या हाताबाहेर काढून गान्सूच्या थेट कारभारात आणला, तोच आजचा श्याहे जिल्हा. म्हणजे तिबेटी मठाला हुई सरदारापासून सोडवलं ते हान फौजेने आणि एका नास्तिक कार्यकर्त्याने. या एका गोष्टीतच 'अमुक विरुद्ध तमुक' ही मांडणी किती तोकडी आहे ते दिसतं.

पण मग हुई आणि तिबेटी एकमेकांचे शत्रूच म्हणायचे ना?

ताओझोउचं उदाहरण घ्या. तिथे मा छीशी नावाचा एक विद्वान होता, चिनी अभिजात ग्रंथ आणि इस्लाम दोन्हींत मुरलेला, त्याने शीदाओतांग नावाचा पंथ काढला, लोक एकत्र राहायचे, कमाई एकत्र, तांडे एकत्र, आणि त्यांचा सगळा व्यापार तिबेटी टोळ्यांशी, अगदी विश्वासाचा. (हा मा छीशी वेगळा, शीनिंगचा मा छी वेगळा, गोंधळू नका.) याला मारलं कोणी? तिबेट्यांनी नाही. १९१४ मध्ये बाई लांग या लुटारू सरदाराने ताओझोउ जाळलं, त्या धामधुमीनंतर लगेच मा आनल्यांगच्या माणसांनी मा छीशीला घरच्यांसकट ठार केलं. हुईने हुईला.

पंथांची भांडणं तर जुनीच. खुफिया, जहरिया, कादिरिया अशा सूफी शाखा, त्यांच्या गाद्या वंशपरंपरेने चालायच्या, जमिनी असायच्या, आणि दोन गाद्यांमधल्या वादातून १७८१ साली थेट बंड झालं होतं. त्यात मक्केहून परत आलेल्या मा वानफूने इखवानी सुधारणा आणली, कबरींची पूजा नको म्हणाला, त्याला मा छीने आश्रय दिला कारण सूफी गाद्यांची ताकद मोडायला हा उपयोगी होता. धर्म आणि सत्ता कुठे वेगळी करणार तुम्ही?

मुसलमान विरुद्ध इतर ही आपल्याकडची तयार चौकट तिथे नेऊन लावू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. ओळखीवरून माणसं मारली गेली हे शंभर टक्के खरं, दाढी बघून, टोपी बघून, बोली ऐकून मारली गेली. पण फौजा धर्मावर उभ्या नव्हत्या.

१९२८ ला एवढं काय पेटलं?

फेंग यूश्यांगची फौज १९२५ ला गान्सूत शिरली, त्याचा माणूस ल्यू युफेन कारभार बघू लागला. फेंगला पूर्वेकडे मोठ्या लढाया लढायच्या होत्या, त्याचा खर्च या गरीब प्रांतातून काढायचा होता. टॅक्सवर टॅक्स, पुढच्या वर्षांचेही आधीच वसूल, घोडे न्या, पोरं न्या, धान्य न्या. १९२० च्या डिसेंबरात हायुआनच्या भूकंपात २ लाखांवर माणसं मेली होती, मातीत कोरलेली घरं माणसांच्या अंगावर कोसळली, जहरियाचे पुढारी मा युआनझांग त्यातच गेले. तो प्रांत अजून सावरत होता. आणि १९२८ पासून पाऊस नाही. दुष्काळात लाखो लोक मेले.

अशात वसंत ऋतूत हेझोउजवळ एक पोरगा उठला, मा झोंगयिंग, वय १७-१८, मा छीच्याच भाऊबंदांतला. लोक त्याला 'गा सिलिंग' म्हणायला लागले, म्हणजे छोटा सेनापती. हजारोंनी माणसं त्याच्यामागे गेली, बरेचसे निव्वळ भुकेले. हेझोउला एकदा नाही, तीनदा वेढा पडला. आणि त्या वेढ्यांच्या काळात फेंगच्या सैन्याने बाफांग जाळलं. बाफांग म्हणजे तटाबाहेरची आठ मशिदींभोवतीची हुई वस्ती, व्यापाऱ्यांचे वाडे, वखारी, मशिदी, शतकांची कमाई, सगळं खाक. इथे लढाई कराविरुद्धची होती ती एका रात्रीत हुई विरुद्ध हान झाली. बंड करणारे कोण आणि घर जळालेले कोण याचा काही संबंध नाही, वस्ती 'त्यांची' आहे एवढंच पुरलं.

मग सूड. हेझोउकडून निघालेल्या हुई टोळ्या ताओझोउ-चोनेवर पडल्या. चोनेचा मठ जळाला, आणि त्याच्यासोबत तिबेटी कांग्यूर-तेंग्यूर (बौद्ध धर्मग्रंथांचे दोन मोठे संग्रह) छापायचे लाकडी ठसे, जे संपूर्ण तिबेटी जगात नावाजलेले होते. काही वर्षं आधी त्याच रॉकने या ठशांवरून छापलेला पूर्ण संच अमेरिकेच्या काँग्रेस लायब्ररीसाठी विकत घेतला होता. शीदाओतांगची वस्तीही या धुमश्चक्रीत जळाली. १९२९ च्या सुरुवातीला मा झोंगयिंगच्या माणसांनी हुआंगयुआन आणि नंतर मिनछिन या गावांत मोठ्या कत्तली केल्या, मेलेले बहुतेक हान शेतकरी आणि दुकानदार. त्याला नायक करणाऱ्यांनी ही दोन नावं विसरू नयेत.

मा छी या बंडात कुणाच्या बाजूने?

सरकारच्या. भाऊबंद असूनही. याच गडबडीत गान्सूचे तीन तुकडे केले गेले आणि १९२९ च्या सुरुवातीला छिंगहाय आणि निंगश्या हे वेगळे प्रांत झाले. त्याच वर्षी मा छी छिंगहायचा गव्हर्नर झाला, १९३१ मध्ये वारला, मग भाऊ मा लिन आणि १९३८ पासून मुलगा मा बुफांग.

मा झोंगयिंगचं पुढे काय झालं?

तो शिनजियांगला गेला. तिथे हामीच्या जुन्या खानाचं राज्य १९३० मध्ये खालसा केलं होतं, उईगुरांच्या जमिनी गान्सूहून आलेल्या हान शेतकऱ्यांना दिल्या जात होत्या, १९३१ ला उठाव झाला आणि उईगुर पुढाऱ्यांनी या पोराला मदतीला बोलावलं. मुसलमान भाऊ म्हणून गेला खरा, पण १९३३ च्या नोव्हेंबरात काश्गरला उईगुरांनी स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केलं ते तीन महिन्यांतच बुडवलं कोणी, तर त्याच्याच हुई फौजेने, चीनच्या राष्ट्रवादी सरकारचं नाव घेऊन! तिकडे उरुमचीला त्याने घातलेला वेढा सोव्हिएत सैन्याने आणि विमानांनी मोडला. १९३४ च्या जुलैत तो सोव्हिएत हद्दीत गेला आणि परत कधी आला नाही. त्याचा मेहुणा मा हूशान १९३७ पर्यंत खोतानवर राज्य करत होता, मग हिंदुस्थानात पळाला.

दलाई लामांचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध. चौदावे दलाई लामा १९३५ साली कुंबुमजवळच्या ताक्त्सेर गावात जन्मले, म्हणजे मा घराण्याच्या राज्यात. त्यांच्या घरात शीनिंगची चिनी बोलीच बोलली जायची. ल्हासाच्या लोकांनी या मुलाला ओळखल्यावर मा बुफांगने त्याला सोडायचे आधी १ लाख चांदीचे डॉलर घेतले, मग आणखी ३ लाखांवर मागितले. ती दुसरी रक्कम भागवली ती ल्हासामार्गे मक्केला हजला निघालेल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी, त्यांना ल्हासात पैसे परत मिळणार होते. १९३९ च्या उन्हाळ्यात चार वर्षांचं ते पोर याच मुसलमान यात्रेकरूंच्या तांड्याबरोबर ल्हासाकडे निघालं. खंडणी मागणारा हुई, भरून देणारे हुई, आणि वाटेत सोबत करणारेही हुई. तांड्यातल्या त्या माणसांबद्दल मला फार आपुलकी वाटते, इतिहासात त्यांची पानं फार थोडी आहेत.

गोलोकबद्दल कोणी का बोलत नाही?

खरंय, बोलायला हवं. पीत नदीच्या उगमाकडच्या गोलोक टोळ्यांवर मा छीने आणि नंतर मा बुफांगने १९४० च्या दशकापर्यंत पुन्हा पुन्हा मोहिमा काढल्या. सोन्याच्या खाणी, कुरणं, लोकर. तंबू जाळले, कळप हाकून नेले. तिथल्या लोकांच्या आठवणीत 'मा' हे नाव अजून जड आहे, आणि ते समजून घ्यायला पाहिजे. हुईंवर झालेला अन्याय सांगताना हे झाकायचं नाही.

कम्युनिस्ट यात कुठे?

१९३६ च्या ऑक्टोबरात लाल सेनेची सुमारे २१ हजारांची पश्चिम तुकडी पीत नदी ओलांडून आली, मा बुफांग आणि त्याचा भाऊ मा बूछिंग यांच्या घोडदळाने पुढच्या मार्चपर्यंत ती संपवली, शिनजियांगला पोचले ४०० च्या आसपास. डॉ. कोटणीस १९३९ मध्ये येनानला पोचले, आपल्याला त्या काळातला चीन तेवढाच माहीत असतो. येनानचा तो लाल प्रदेश पश्चिमेला मा होंगख्वेच्या निंगश्याला लागून होता, म्हणजे हा सगळा इतिहास त्यांच्या शेजारीच चालू होता.

शेवटी या घराण्यांचं आणि गावांचं काय झालं?

१९४९ च्या ऑगस्टात लांझोउ पडलं. मा बुफांग पळाला, कैरो, मग सौदी अरेबिया, तिथे काही वर्षं तैवान सरकारचा राजदूत, १९७५ ला तिथेच वारला. निंगश्याचा मा होंगख्वे १९७० मध्ये लॉस एंजेलिसला वारला. त्याचा चुलतभाऊ मा होंगबिन मात्र कम्युनिस्टांकडे गेला आणि चीनमध्येच राहिला. पाचवे जाम्यांग १९४७ मध्ये तिशीतच वारले, अपा आलो नंतर नव्या सरकारात पदांवर राहिला.

हेझोउ आता लिनश्या, हुई स्वायत्त विभागाची राजधानी. बाफांग परत उभं राहिलं, कोरीव विटांच्या भिंती बघायला पर्यटक येतात, मशिदींचे घुमट मात्र गेल्या काही वर्षांत सरकारने उतरवलेत. श्याहेच्या रस्त्यावर वरच्या बाजूला लाब्रांगचे भिक्खू फिरतात आणि खालच्या बाजूला हुईंची दुकानं आहेत, हाताने ओढलेले नूडल्स, मटण, घोड्याचं सामान. चोनेचा तो छापील कांग्यूर आजही वॉशिंग्टनला आहे, ज्या ठशांवरून तो छापला ते ठसे नाहीत.